आज काही धरलंय का?

मी कंपाउंडर. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली आणि दृष्टी जाऊन सहा, तरी 'कंपाउंडर होतो' असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. तासगावात डॉक्टर बर्व्यांच्या दवाखान्यात एक लहानशी खिडकी होती. तिच्या आत मी बेचाळीस वर्षं बसलो. डॉक्टर तपासायचे, चिठ्ठी माझ्याकडे यायची आणि मी औषध द्यायचो. पातळ औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची, एक खाच म्हणजे एक वेळ. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा अंगठ्याने चाचपून सांगायची, "कंपोंडर, दोन खाचा उरल्यात." बेचाळीस वर्षांत माझ्या हातून एकदाही चुकीचं औषध गेलं नाही. हे मी रोज कुणाला तरी ऐकवतो. ऐकणारा कंटाळला तरी ऐकवतो.

मग मलाच साखर झाली. साखरेने डोळे नेले, आणि जाता जाता बोटांची टोकंही बधिर केली. लोक विचारतात, आंधळ्या माणसाला ठिपक्यांची लिपी असते ना? असते, पण ती बोटांना कळावी लागते. साखरेने डोळे गेलेल्या माणसाची बोटंही बहुधा गेलेलीच असतात. ठिपके आणि गुळगुळीत कागद मला सारखेच लागतात.

हे माझ्या मुलीने, केतकीने, पहिल्यांदा ओळखलं. ती पुण्यात एका संशोधन संस्थेत आहे. २०३८ साली सरकारने नियम केला, की औषध कोणतं, किती घ्यायचं आणि धोका काय, हे न दिसणाऱ्या आणि न वाचता येणाऱ्या माणसालाही दुसऱ्याच्या मदतीशिवाय कळलं पाहिजे. नियम झाला, पण ते करायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. केतकी त्याच्या आधी तीन वर्षांपासून त्याच कामात होती.

तिने पहिलं चालणारं पाकीट माझ्या हातात ठेवलं तो दिवस मला लख्ख आठवतो.

"आप्पा, अंगठा दाबा. जरा जोरात."

मी दाबला आणि पाकीट बोललं. स्वच्छ बायकी आवाजात गोळीचं नाव, ताकद, मुदत, सगळं. मी दचकून ते खाली टाकलं.

"बॅटरी कुठाय यात?" मी विचारलं.

"नाही. तुमचा अंगठाच बॅटरी." मग ती मला समजेल अशा भाषेत सांगायला बसली. काही पदार्थ असे असतात की ते दाबले की त्यांच्यात वीज तयार होते, आणि त्यांना वीज दिली की ते थरथरतात. अशा पदार्थाची शाई करून तिने ती पाकिटाच्या कागदावर छापली होती. अंगठ्याच्या एका दाबाने वीस सेकंदांपुरती वीज मिळते. त्या विजेवर वाळूच्या कणाएवढा मेंदू जागा होतो आणि कागदालाच थरथरवतो. कागदाची ती थरथर म्हणजेच आवाज. पुढचं वाक्य हवं असेल तर पुन्हा दाबायचं.

"आणि गोळ्यांच्या चंदेरी कागदावर बारीक तारा छापल्यात," ती म्हणाली. "गोळी काढली की तार तुटते. म्हणजे किती गोळ्या निघाल्या आणि केव्हा निघाल्या, हे पट्टीला कळतं. वेळ दाखवायला एक सूक्ष्म घड्याळ आहे, ते उजेडावर चालतं."

तिने त्याला बोलपट्टी असं नाव दिलं होतं. मी विचारलं, त्यातल्या बाईला आपल्याकडचं बोलायला का नाही शिकवलंस? 'मात्रा' म्हणते, 'सेवन' म्हणते.

"ते शब्द माझे नाहीत, आप्पा. मान्य मजकूर आहे तो. औषध नियामक मंडळाने एकेक शब्द तपासून शिक्का मारलाय. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पट्टी मुकी होते. तसंच हवं. नाहीतर उद्या एखादा भामटा त्यात आपल्या आवाजात काहीही भरील."

मला ते पटलं. मीसुद्धा डॉक्टरांच्या चिठ्ठीतला शब्द कधी बदलला नव्हता.

---

अखेरची चाचणी आमच्याच तालुक्यात ठरली. चारशे घरं, साठ दिवस. सगळे साखरेचे रुग्ण, निम्म्यांहून अधिक नजर अधू झालेले, दिवसाला दोन गोळ्या घेणारे : सकाळच्या जेवणानंतर एक, रात्रीच्या जेवणानंतर एक. संस्थेची पोरं घरोघर फिरून पट्टीतल्या नोंदी उतरवून घ्यायची. नियम कडक होता. त्या साठ दिवसांत गोळीबद्दल बोलायचं ते फक्त पट्टीने. संस्थेतल्या कुणीही रुग्णाला औषध कसं घ्यायचं हे सांगायचं नाही. सांगितलं तर चाचणी रद्द. शंभर घरांमागे एकाहून जास्त घरांत चुका निघाल्या तरी नापास. पास झाली तर देशातल्या प्रत्येक गोळीच्या पाकिटावर माझ्या पोरीची पट्टी लागणार होती.

नात्यातला म्हणून मला चाचणीत घेतलं नाही. मला तिने नमुन्याची पाकिटं दिली होती, ती मी वापरायचो. शेजारची मालन माळी मात्र चारशेंत होती. मालन सहासष्ट वर्षांची, एका डोळ्याने अंधुक बघणारी, जिभेने तिखट. माझी बायको गेल्यापासून दोन वेळचा डबा तिच्याकडून येतो. पट्टीतल्या बाईला ती 'सरकारी बाई' म्हणायची आणि तिच्याशी भांडायची.

चाचणीच्या एकतिसाव्या दिवशी संकष्टी होती. बायको धरायची, ती गेल्यावर मी धरतो. दिवसभर साबुदाणा, शेंगदाणे, केळं. रात्री चंद्रोदय झाल्यावर मालनने तळणीचे मोदक आणि वरणभात आणून दिला. तीही धरते. जेवलो, आडवा झालो.

सकाळी सातला ती चहा घेऊन येते. साडेसात झाले तरी आली नाही. मी काठी टेकत तिच्या दारात गेलो. आतून पुटपुटल्यासारखा आवाज येत होता. मी तिच्या कपाळाला हाताची उलटी बाजू लावली. तिथे अजून मला कळतं. कपाळ गार, घामाने निथळलेलं. अंग थरथरत होतं आणि बोलणं दारू प्यालेल्या माणसासारखं जड झालं होतं.

बेचाळीस वर्षं मी उगाच खिडकीत बसलो नाही. गिळता येतंय ना हे बघितलं आणि साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. दहा मिनिटांनी तिने मला पहिली शिवी दिली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग रिक्षा बोलावून तिला दवाखान्यात नेलं.

"किती गोळ्या घेतल्यास काल?" परत आल्यावर मी विचारलं.

"दोनच की. रोजच्याच."

"केव्हा?"

"राच्ची. जेवल्यावर." ती वैतागली. "सरकारी बाई सांगतीया जेवणानंतर घ्या. दिवसभर म्या जेवले कुटं? फराळ केला. फराळ म्हंजी का जेवण हाय? मग चंद्र बघून जेवले आन् अंगठा दाबला, तर ती म्हनती, आज दोन गोळ्या बाकी आहेत. बाकी हाईत म्हटल्यावर घेटल्या दोन्ही."

 तिला मी काय बोलणार? आदल्या रात्री मीही अंगठा दाबला होता. मलाही तिने सांगितलं होतं, आज दोन गोळ्या बाकी आहेत. आणि मीही दोन्ही घेतल्या होत्या.

हो, मी. म्हेत्रे कंपाउंडर. चुकलेली गोळी सोडून द्यायची, दोन एकदम कधी घ्यायच्या नाहीत, हे मी हजारो लोकांना सांगितलं असेल. पण पोरीच्या यंत्रापुढे आपली अक्कल कशाला पाजळायची, असा माझा अभिमान. ती चुकणार नाही म्हणून मी विचारच केला नाही. मी वाचलो तो मोदकांमुळे. मालनने दोन खाल्ले होते, मी सात.

"ते चाचणीवालं पोरगं इचारायला येईल," मालन म्हणाली. "म्या सांगणार, सकाळची इसरले."

"का?"

"उपास केला म्हटलं की डॉक्टर खेकसत्यात. म्हातारे, मरायचंय का, म्हंत्यात. त्यापरीस इसरले म्हटलं की बिचारी म्हंत्यात."

मी तिला बजावलं, पुन्हा दोन एकदम घ्यायच्या नाहीत. तिने मान डोलावली असावी. आपण दोघं म्हातारे मूर्ख, असं स्वतःला समजावून मी विषय मिटवला. केतकीला कळवलं नाही. खरं कारण सांगायचं तर मला लाज वाटली.

---

सत्तावन्नाव्या दिवशी, शनिवारी, केतकी घरी आली. आवाज दमलेला, पण आतून उजळलेला. शुक्रवारी नियामक मंडळापुढे सुनावणी होती. आकडे उत्तम होते.

"फक्त एक दिवस विचित्र आहे," ती भाकरी मोडता मोडता म्हणाली. "एकतिसावा. त्या एका रात्री त्रेसष्ट घरांत दोन गोळ्या एकदम निघाल्या. एरवी एखाद्या घरातही निघत नाहीत, आणि एकदम त्रेसष्ट. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं सुरळीत. मी हवामान बघितलं, वीज गेली होती का बघितलं, घड्याळं तपासली. काही नाही."

"मग? नापास?" मी विचारलं.

"नाही. सगळ्यांनी लिहून दिलंय, सकाळची विसरलो. विसरणं ही पट्टीची चूक धरत नाहीत, ते आकड्यातून वगळतात. आमचे साहेब म्हणाले, देवाची कृपा समज आणि गप्प बस." ती हसली. "पण मला ते टोचतंय. त्रेसष्ट माणसं एकाच दिवशी कशी विसरतील?"

पुढचा मंगळवार मला ठाऊक होता. अंगारकी. वर्षात एखाददुसरी येणारी, मंगळवारची संकष्टी. आमचं गाव गणपतीचं. एरवी चतुर्थी न धरणारे अंगारकी धरतात. मागच्या वेळी त्रेसष्ट, आता दीडशे होतील. आणि प्रत्येक घरात मोदक खायला घालणारी मालन असेलच असं नाही, आणि सकाळी साखरेचं पाणी पाजणारा कंपाउंडरही नसेल.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी गप्प राहिलो तर पोरगी जिंकणार होती. सहा वर्षं तिने रविवार बघितला नव्हता, लग्नाचा विषय काढू दिला नव्हता, आईच्या आजारपणातसुद्धा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. मी बोललो तर ते सगळं पाण्यात, आणि बेचाळीस वर्षांची माझी टिमकीही फुटणार. पण खिडकीत बसणाऱ्या माणसाला एक खोड लागते. बाहेर उभा असलेला माणूस आपला कोण लागतो हे तो बघत नाही.

रविवारी सकाळी चहा पिताना मी तिला सगळं सांगितलं. मालनचं सांगितलं. मग माझंही सांगितलं.



"तुम्ही?" ती म्हणाली. "आप्पा, तुम्ही दोन घेतल्या?"

"घेतल्या."

"आणि मला सव्वीस दिवस सांगितलं नाही?"

"लाज वाटली."

"लाज!" कप आपटल्याचा आवाज आला. "तुम्हाला काही झालं असतं तर? माझ्याच पट्टीने? मी कोणत्या तोंडाने जगले असते?" ती उठून अंगणात गेली. तिथे ती रडली का, मला माहीत नाही. ऐकू येऊ नये एवढी काळजी तिने घेतली.

परत आली तेव्हा तिचा आवाज कामाचा होता. "दोन बाकी हे मोजणं माझं आहे. मान्य मजकुरात नाही ते. माणसाने गोळी विसरू नये म्हणून मी मोठ्या हौसेने घातलं. छापून घरोघरी गेलेल्या पट्टीतून ते आता काढता येत नाही. 'दोन एकदम घेऊ नका' हे वाक्य आहे, पण ते नववं आहे. नऊ वेळा अंगठा कोण दाबणार? चूक माझी आहे, आप्पा. लोकांची नाही आणि तुमचीही नाही."

"माझीही आहे थोडी."

"थोडी," ती म्हणाली, आणि त्यातही जरा रागच होता. मग तिने विचारलं, "तुमच्या खिडकीत हे कसं होत नव्हतं? तेव्हाही लोक उपास धरायचेच ना?"

हे तिने मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. एवढी मोठी पदवी घेतली, परदेशी जाऊन आली, साताठशे रुग्णांना प्रश्न विचारले. घरातला कंपाउंडर तेवढा राहिला होता.

"डॉक्टर सांगायचे," मी म्हणालो. "मी विचारायचो. पुडी हातात देण्याआधी एक प्रश्न. आज काही धरलंय का? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, रोजा, काही असो. धरलंय म्हणाली तर पुडी बाजूला ठेवायची आणि आत जाऊन डॉक्टरांना विचारायचं. खेकसायचं नाही. खेकसलं की माणूस खोटं बोलतो. तुझी बाई हुशार आहे, केतके. सगळं नीट सांगते. पण एवढं सांगून झालं तरी समोरच्याचं ती काही विचारतच नाही."

केतकी काही लिहून घेत असावी. पेनाचा आवाज येत होता.

---

तिने आधी सरळ मार्ग धरला. मंडळाच्या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन लावला. तिकडचा माणूस सभ्य होता. लेखी पाठवा म्हणाला, उपसमिती बुधवारी बसते.

"अंगारकी मंगळवारी आहे," केतकी म्हणाली.

त्याने विचारलं, गंभीर घटनेची एखाद्या रुग्णाची तक्रार आहे का? एकही नव्हती. सगळ्यांनी 'विसरलो' लिहिलं होतं. मालनला दवाखान्यात नेलं तेव्हा तिथेही तिने चक्कर आली एवढंच सांगितलं होतं.

मग तिने साहेबांना फोन केला. स्पीकर चालू होता, मी ऐकत होतो.

"लोकांना फोन करणार म्हणतेस?" साहेब म्हणाले. "चाचणी रद्द होईल, समजतंय का तुला? पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे उभे करणं, पुन्हा चारशे घरं. म्हणजे आणखी तीन वर्षं गेली. चार दिवस राहिलेत, केतकी. फक्त चार. पास झाल्यावर आपण सुधारू."

"आणि मंगळवारी रात्री?"

"मागच्या वेळी कुणी मेलं का?"

 केतकीचा आवाज चढला नाही. "नाही मेलं, सर. यावेळीही मी मरू देणार नाही. फोन मी करतेय, तुम्ही नाही. तसं लेखी देते." आणि तिने फोन ठेवला.

मला त्या क्षणी तिच्या पाठीवर थाप मारायची होती. ती नेमकी कुठे बसलीय हे न कळल्याने ती थाप खुर्चीवर पडली.

"आप्पा, हसू नका," ती म्हणाली. "चारशे फोन आहेत. निम्मे तुमचे."

रविवार दुपारपासून सोमवार संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं फोनवर होतो. क्रमांक ती लावून द्यायची. माझा आवाज अजून खिडकीतलाच आहे, हे पाचव्या फोनला कळलं.

"म्हेत्रे कंपाउंडर बोलतोय, तासगावहून."

"अगं बया! जित्ता हाय का कंपोंडर?" पलीकडून एक म्हातारी ओरडली.

"जित्ता हाय. परवा अंगारकी धरणार का?"

थोडी चाचपणी. "डॉक्टरास्नी सांगणार न्हाई न्हवं?"

"नाही ओरडायचे कुणी. धरणार का?"

"धरनार की."

"मग ऐका. पट्टीने रात्री दोन बाकी म्हटलं तरी दोन घ्यायच्या नाहीत. दिवसाची चुकली ती चुकली, सोडून द्या. आणि साखरवाल्याने दिवसभर उपाशी राहायचं का, हे आजच तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. घाम सुटला, हातपाय थरथरले, तर साखर खायची. उपास मोडला तर गणपती काही बोलणार नाही, मी जबाबदार."

"तू कोन रं गणपतीचा जबाबदार?" म्हातारी म्हणाली, पण सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. प्रत्येकाकडून आम्ही परत म्हणवून घेत होतो. तीही खिडकीचीच रीत. ऐकलं असं म्हणणाऱ्याला औषध द्यायचं नाही, सांगून दाखवणाऱ्याला द्यायचं.

केतकीचे फोन सुरुवातीला वेगळे होते. ती नीट, सावकाश माहिती द्यायची, आणि पलीकडून 'बरं बरं' यायचं. विसाव्या फोनपासून ती माझं ऐकू लागली. पन्नासाव्याला मी तिचं ऐकलं. "मावशी, मंगळवारी काही धरलंय का?" आवाजात कुठे अधिकार नाही, घाई नाही. मी माझा फोन बाजूला ठेवून नुसता ऐकत बसलो. माझ्या बापाने मला शेत दिलं नाही, मीही पोरीला काही दिलं नाही, असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं. त्या दुपारी ते वाटणं गेलं.

एकोणीस घरांत फोन उचलला नाही. मालन म्हणाली, "पत्ते सांगा." आणि तिच्या भाच्याच्या गाडीवर मागे बसून एका डोळ्याने ती एकोणीस घरं फिरून आली. एका घरात तिला जेवायलाही बसवलं.

बुधवारी सकाळी आकडे आले. अंगारकी चारशेपैकी एकशे सत्तर घरांनी धरली होती. दोन गोळ्या एकदम निघाल्या अशी घरं : शून्य. केतकीने तो आकडा मला तीनदा वाचून दाखवला. हा शून्य मिळवण्यासाठीच तिने आपली चाचणी मोडली होती.

---

सुनावणी पुण्यात होती. मी आणि मालन मागच्या रांगेत बसलो. मालन नवं लुगडं नेसली होती. सरकारी बाई दिसायला कशी आहे ते बघायचंय, असं ती वाटेत चारदा म्हणाली.

समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या. आवाज कोरडा, वाक्यं मोजकी.

"अहवालात लिहिलंय की सहभागी रुग्णांना तुम्ही स्वतः फोन केले."

"हो," केतकी म्हणाली. "तीनशे एक्याऐंशी फोन. एकोणीस घरी निरोप पाठवला. यादी जोडली आहे."

"नियम माहीत होता?"

"मसुद्याच्या समितीत मी होते. तो नियम लिहिताना माझाही हात होता."

सभागृहात कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसल्या नाहीत. "एकतिसाव्या दिवसाच्या त्रेसष्ट चुका तुम्ही विस्मरणातून काढून पट्टीच्या नावावर टाकल्या आहेत. का?"

"कारण त्या पट्टीच्या आहेत. ते लोक विसरले नव्हते. पट्टीने सांगितलं ते त्यांनी अक्षरशः पाळलं. आम्ही त्यांचा दिवस कसा असतो हे न विचारता त्यांना मोजून दाखवत होतो." मग तिने पुढचं मांडलं. मान्य मजकुराला हात न लावता पट्टीने आधी प्रश्न विचारावा. आज उपवास आहे का? अंगठा एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही. हो असेल तर बाकीचा आकडा सांगूच नये, नववं वाक्य पहिलं सांगावं आणि डॉक्टरांना विचारा म्हणावं. "प्रश्न हाही मजकूरच धरून तुम्ही त्यावर शिक्का मारावा, अशी माझी विनंती आहे. हे मला सुचलेलं नाही. तासगावच्या एका कंपाउंडरची बेचाळीस वर्षांची पद्धत आहे. अहवालात त्यांचं नाव दिलंय."

मालनने मला कोपराने एवढं जोरात ढोसलं की बरगडी दुखली.

अध्यक्षांनी कागद उलटले. 

"ही चाचणी रद्द ठरवण्यात येत आहे," त्या म्हणाल्या. "बोलपट्टीला सध्या मान्यता नाही. प्रश्न विचारणाऱ्या पट्टीसाठी नवा अर्ज करता येईल. तो पहिल्यापासून तपासला जाईल." मग त्यांनी विचारलं, "नोंदीसाठी विचारते. पुन्हा अशी वेळ आली तर काय कराल?"

"पुन्हा फोन करीन," केतकी म्हणाली. लगेच. विचार करायला थांबलीसुद्धा नाही.

सहा वर्षांचं काम तिने पहिला फोन लावला तेव्हाच पणाला लावलं होतं. आता फक्त आवाज सरळ होता. मला बसवेना. मी उभा राहिलो आणि टाळ्या वाजवू लागलो. माझी बोटं बधिर आहेत, तळवे नाहीत. शेजारी मालनही वाजवू लागली. बाकी सभागृह एकदम चिडीचूप झालं.

शिपाई धावत आला. माझ्या कानाशी वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "आजोबा, बसा खाली. तुम्हाला कळलं नाही वाटतं. निकाल त्यांच्याविरुद्ध लागलाय."

"कळलंय मला," मी म्हणालो. "मुलगी आहे ती माझी." आणि वाजवत राहिलो.